पाठीवर कासव, अस्तरात ड्रॅगन: जपानी रक्षक प्राणी अंगावर कसे उतरवावेत

'जपानी लकी चार्म' म्हणून आपल्याकडे जे विकलं जातं ते बहुतेक वेळा एक पंजा वर केलेलं मांजर असतं. मांजराबद्दल तक्रार नाही, पण मानेकी-नेको हे गल्ल्यापाशी बसून गिऱ्हाईक बोलावणारं मांजर आहे. जपानी लोकांनी अंगावर जे प्राणी वागवले ते निराळे, आणि कोण कुठे बसणार हेही बहुधा ठरलेलं. लहान मुलाच्या पाठीवर, मानेच्या खाली. आग विझवणाऱ्याच्या कोटात, आतल्या बाजूला. व्यापाऱ्याच्या कमरपट्ट्याला, दोरीच्या टोकाशी. म्हणून कामाची सुरुवात चित्र शोधण्यापासून करू नका. आधी विचारा: हे घालणार कोण, त्याला जपायचं कशापासून, आणि प्राणी जगाला दिसायला हवा की नुसता घालणाऱ्याला ठाऊक असायला हवा? ही तीन उत्तरं आली की अर्धी नक्षी ठरलेली असते.

या लेखात दोन कामं पूर्ण दिली आहेत: झबल्याच्या किंवा कुर्त्याच्या पाठीवर भरायचं कासव, आणि कागदाचा, मान डोलावणारा लाल बैल, ब्रोच म्हणून. मधे अस्तरातल्या चित्राबद्दल थोडं. देठाचा टाका आणि भरीव टाका येत असेल तर कासव जमेल. बैलाला फक्त चिकाटी लागते.

पायरी पहिली: प्राणी कामावरून निवडा

दीर्घायुष्यासाठी करकोचा आणि कासव ही जोडी जुनी आणि निर्धोक. करकोचा हजार वर्षं जगतो आणि कासव दहा हजार, अशी समजूत. यातलं शुभ कासव साधं नसतं. ते 'मिनोगामे', इतकं म्हातारं झालेलं की पाठीवर शेवाळ उगवून त्याची लांब शेपटी मागे तरंगते. करकोचा काढणार असाल तर एक लक्षात ठेवा. तो तांबड्या टोपीचा 'तांचो' असतो आणि उभा असताना त्याची शेपटी काळी दिसते, पण ती काळी पिसं पंखांच्या मागच्या कडेची असतात आणि पंख मिटल्यावर शेपटीवर पडतात. खरी शेपटी पांढरी. म्हणजे उडता करकोचा काढताना पंखांची मागची कड काळी आणि शेपूट पांढरं. बाजारातल्या कितीतरी छापील नक्षींमध्ये हे उलटं असतं.

परीक्षा, स्पर्धा, मुलाखत यांसाठी चतुर, म्हणजे 'ड्रॅगनफ्लाय' हा कीटक. तो मागे हटत नाही, पुढेच झेपावतो, म्हणून सामुराईंच्या चिलखतांवर आणि शस्त्रांच्या सजावटीवर तो आला. आजही केंदो, म्हणजे जपानी तलवारबाजी, खेळणाऱ्यांच्या पिशव्यांवर चतुरांची नक्षी दिसते. यामानाशी भागातल्या 'इन्देन' कामात, म्हणजे हरणाच्या कातड्यावर लाखेनं उठवलेल्या नक्षीत, ती विशेष खुलते. चार पंख आणि एक दांडी एवढाच आकार असल्यामुळे नवशिक्यानं इथूनच सुरुवात करायला हरकत नाही.

आगीपासून जपायला लाटांवरून धावणारा ससा. चंद्रावर ससा असतो हे आपल्याला नवं नाही. शशजातकातला, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्माच्या कथेतला, ससा बौद्ध धर्माबरोबर पूर्वेकडे गेला. जपानात त्या सशाच्या पायाखाली लाटा आल्या, आणि लाटा म्हणजे पाणी, म्हणून तो घरांच्या कोरीव कामात आणि कापडावर आगीचा रक्षक झाला. स्वयंपाकाच्या एप्रनसाठी याहून चांगला प्राणी मला तरी माहीत नाही.

वाईट स्वप्नं पडत असतील तर बाकु. हत्तीची सोंड, गेंड्याचे डोळे, बैलाचं शेपूट, वाघाचे पाय, आणि आहार दुःस्वप्नांचा. हा उशीजवळचा प्राणी, त्यामुळे झोपायच्या कपड्यांवर शोभतो. बाहेर घालायच्या जॅकेटवर बाकु म्हणजे रात्रपाळीच्या रखवालदाराला भरदुपारी उभं करणं.

गर्भवतीसाठी आणि तान्ह्यासाठी कुत्रा. कुत्री सहज वितात, म्हणून पाचव्या महिन्यात, पंचांगातल्या कुत्र्याच्या दिवशी, पोटाला कापडी पट्टा बांधायची चाल जपानात आजही आहे. 'इनुहारिको' हा कागदाचा कुत्रा बाळाच्या उशाशी ठेवतात. डोहाळजेवणाला सुती दुपट्ट्याच्या कोपऱ्यात असा कुत्रा भरून दिला तर ती अर्थ असलेली भेट होईल.

आजारपणासाठी तीन पर्याय आहेत. पहिला आकाबेको, फुकुशिमाच्या आइझु भागातला लाल बैल. याच्याकडे पुढे सविस्तर येऊच. दुसरा हाकुताकु, माणसाचा चेहरा आणि अंगाकपाळावर जास्तीचे डोळे असलेला शहाणा प्राणी. १८१० साली छापलेल्या प्रवाशांच्या एका मार्गदर्शक पुस्तकात त्याचं चित्र जवळ बाळगायला सांगितलं आहे. प्रवासी बॅगेच्या आतल्या खिशावर हा बसवा. तिसरी आमाबिए. १८४६ सालच्या छापील पत्रकानुसार हिगो प्रांताच्या, म्हणजे आजच्या कुमामोतोच्या, समुद्रातून ती वर आली. लांब केस, चोच, अंगावर खवले, खाली तीन पाय. सहा वर्षं पीक चांगलं येईल, पण रोगराईही येईल, तेव्हा माझं चित्र काढून लोकांना दाखवा, असं सांगून ती परत गेली. ते पत्रक क्योतो विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. २०२० मध्ये जपानी आरोग्य मंत्रालयानं करोनाच्या जनजागृतीसाठी तिचं चित्र वापरलं आणि ती पुन्हा घरोघरी पोचली. मूळ रेखाटन इतकं बाळबोध आहे की चित्र काढता येत नाही ही सबब इथे चालणार नाही.

इनारी या देवतेचे कोल्हे आणि देवळाच्या दारातले कोमाइनू, म्हणजे सिंहासारखे राखणदार कुत्रे, मी अंगावर घेत नाही. ते देवळाच्या चाकरीत असतात, माणसाच्या नव्हे. घ्यायचेच असतील तर कोमाइनू जोडीनं घ्या, एकाचं तोंड उघडं आणि दुसऱ्याचं मिटलेलं. शर्टाच्या गळपट्टीच्या दोन टोकांना एकेक बसतो.

पायरी दुसरी: जागा ठरवा

मोठ्यांच्या किमोनोला पाठीत मधोमध उभी शिवण असते. तान्ह्याचा किमोनो मात्र कापडाच्या एकाच पन्ह्यात होतो, त्यामुळे पाठ सलग, बिनशिवणीची. शिवण म्हणजे डोळे, ती मागून येणाऱ्या वाईट गोष्टींवर नजर ठेवते, असं लोक मानत. तेव्हा शिवण नसलेलं बाळ पाठीकडून उघडं पडलं. त्यावर आयांनी काढलेला तोडगा म्हणजे 'सेमामोरी', पाठराखण. मानेखाली काही टाके घालायचे, नाहीतर छोटं चित्र भरायचं. एका रूढीत उभे नऊ आणि तिरपे तीन टाके घालत, वर्षाच्या महिन्यांइतके बारा. शेवटचा दोरा कापायचा नाही, लांब लोंबता ठेवायचा: मूल चुलीत किंवा विहिरीत पडायला लागलं तर देवाला त्याला धरून ओढता यावं म्हणून.

आपला कुर्ता, झबलं, टी-शर्ट या सगळ्यांची पाठ सलगच असते. म्हणजे सेमामोरीची जागा तयार आहे. मापात सांगायचं तर लहान मुलाच्या कपड्यात गळ्याच्या शिवणीपासून अडीच ते तीन सेंटिमीटर खाली, मोठ्यांच्या कपड्यात पाच. त्याहून खाली गेलात की ते रक्षण न राहता टी-शर्टची जाहिरात होते.

दुसरी जागा आत. एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, आगी नित्याच्याच. १७२० पासून शहरवासीयांच्या अग्निशामक तुकड्या 'इरोहा', म्हणजे जपानी मुळाक्षरांच्या, नावानं रीतसर लावल्या गेल्या. त्यांचे जाड, अनेक थर एकत्र शिवलेले सुती कोट पाण्यात भिजवून घालत. बाहेरून साधा निळा रंग आणि तुकडीची खूण, आत मात्र पाणी आणणारा ड्रॅगन किंवा एखादा शूर वीर. आग विझली की कोट उलटा करून मिरवत परत यायचं. श्रीमंत शहरवासीयही हाओरीच्या, म्हणजे किमोनोवरच्या कोटाच्या, अस्तरावर असाच खर्च करत, कारण उघड थाटमाटावर सरकारी बंधनं होती.

तिसरी जागा कमरेची. किमोनोला खिसे नसल्यामुळे तंबाखूची थैली, औषधाची डबी दोरीनं कमरपट्ट्याला लटकवत, आणि दोरी निसटू नये म्हणून वरच्या टोकाला 'नेत्सुके' हा छोटा कोरीव गोळा. दिवसभर कपड्याला घासणारी वस्तू ती, म्हणून चांगल्या नेत्सुकेत प्राणी अंग दुमडून बसलेला असतो: शेपूट पोटाशी, कान मागे चिकटलेले, बाहेर आलेलं एकही टोक नाही. दोरीची दोन भोकंसुद्धा शरीराच्या घडीत लपवलेली. अंगावरचा कुठलाही त्रिमित प्राणी करताना हाच नियम पाळा. मुंबईतल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात चिनी-जपानी कलेचं दालन आहे. बारीक कामाचा अंदाज घ्यायला तिथे एक दुपार जरूर घालवा. जुने नेत्सुके विकत घ्यायचा मोह झाला तर सावध राहा. त्यांतले पुष्कळ हस्तिदंती असतात आणि भारतात हस्तिदंताची खरेदी-विक्री गुन्हा आहे. लाकडीच पाहा.

पायरी तिसरी: कासवाची तयारी

कापड मांजरपाट, खादी किंवा मध्यम वजनाचं सुती. मलमल एकेरी चालणार नाही, चुरगळते. तयार कपड्यावर भरायचं असेल तर आधी धुऊन, इस्त्री करून घ्या. नवं कापड आटतं आणि मग भरलेला भाग फुगून वर येतो. दोरा सुती, सहा पदरी लडीचा. रंग तीनच पुरे: कवचाला गडद निळा किंवा शेवाळी, शेपटीला फिका हिरवा, आणि लाल. जुन्या सेमामोरींवर लाल दोरा पुष्कळ दिसतो, त्यामुळे कडेला तरी लाल असू द्या. शिवाय बारा सेंटिमीटरची रिंग, लांबट नेढ्याची भरतकामाची सुई, बटर पेपर.

लाल आणि गडद निळ्या दोऱ्याची परीक्षा आधीच घ्या. वीतभर दोरा भिजवून पांढऱ्या चिंधीत दाबा आणि वरून गरम इस्त्री फिरवा. डाग उमटला तर ती लडी थंड मिठाच्या पाण्यात भिजवून वगैरे वाचवत बसू नका, दुसरी आणा. पांढऱ्या झबल्यावर पसरलेला लाल रंग कशानंही निघत नाही.

कपड्याची पाठ उभी दुमडून मधोमध इस्त्रीची घडी पाडा. ही तुमची मध्यरेषा. भरलेलं चित्र अर्धा सेंटिमीटर जरी कलंडलं तरी मागून चालणाऱ्याला ते लगेच दिसतं.

पायरी चौथी: नक्षी काढणं

कासव वरून पाहिलेलं, डोकं मानेकडे, शेपूट कमरेकडे. म्हणजे ते पाठीवर चढतंय असं दिसतं. बटर पेपरवर आधी एक षटकोन काढा, समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर आठ मिलिमीटर. त्याच्या वर एक, खाली एक, आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन: सात षटकोनांचं फूल झालं. जपानीत ही कासवाच्या पाठीची नक्षी म्हणजे 'किक्को', कापडावर सगळीकडे सापडते. फुलाभोवती चार-पाच मिलिमीटरची मोकळी जागा सोडून लंबगोल कड काढा. कवच साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास होईल. वर गोलसर डोकं, चार बाजूंना वल्ह्यासारखे पाय, आणि खाली शेपटीच्या सात ते नऊ लहरी रेषा. त्या एकाच ठिकाणाहून निघून पसरत जायला हव्यात, मधल्या लांब, कडेच्या आखूड. सगळ्या सारख्या लांबीच्या काढल्या की झाडू दिसतो.

षटकोन आठ मिलिमीटरच का? भरीव टाका त्याहून फार लांब झाला की धुण्यात अडकतो, सुटतो. मोठ्या माणसाच्या कुर्त्यासाठी कासव वाढवायचं असेल तर षटकोन मोठे न करता त्यांची संख्या वाढवा.

फिक्या कापडावर नक्षी उतरवायला खिडकीची काच पुरते: बटर पेपर मागे, कापड पुढे, आणि टोकदार पेन्सिल हलक्या हातानं. गडद कापडाला पिवळा कार्बन. पाण्यानं पुसलं जाणारं पेन वापरलंत तर काम संपल्यावर आधी धुवा आणि मगच इस्त्री करा, कारण उष्णतेनं त्याची शाई कायमची बसते.

पायरी पाचवी: टाके

कापडामागे मऊ मलमलीचा चौकोन धावदोऱ्यानं जोडून दोन्ही एकत्र रिंगमध्ये ताणा. बाळाच्या कपड्याला बुक्रम नको, टोचतं. दोरा हातभर, पंचेचाळीस सेंटिमीटरच्या आसपास घ्या. लांब घेतला की निम्म्यावर येईपर्यंत पिसतो. सुरुवातीला गाठ मारायची नाही: दोऱ्याचं टोक मागे धरून त्यावरून टाके घाला, म्हणजे ते आपोआप दबतं. पाठीवर झोपणाऱ्या बाळाला छोटी गाठसुद्धा बोचते.

आता गंमतीचा भाग. सातही षटकोन एकाच रंगानं भरायचे, पण टाक्यांची दिशा बदलत. मधला षटकोन आडव्या टाक्यांनी. भोवतीचे सहा आळीपाळीनं: एक डावीकडे तिरपा, पुढचा उजवीकडे तिरपा. असं केलं की शेजारचे कुठलेही दोन षटकोन एकाच दिशेचे येत नाहीत आणि प्रत्येकावर उजेड निराळा पडतो. दोरा एक, रंग तीन दिसतात. दोन पदरी दोरा घ्या आणि पदर आधी सुटे करून मग पुन्हा एकत्र ओवा. चिकटलेले पदर पिळदार राहतात आणि चकाकी जाते. प्रत्येक षटकोनाच्या मधोमध पहिला टाका घाला, तिथून एका कडेला भरत जा, मग परत मधून दुसऱ्या कडेला. एका टोकापासून सुरुवात केली तर शेवटी कोन बिघडतो.

षटकोनांच्या मधल्या रेषा एकपदरी लाल उलट्या टिपेनं. कवचाची बाहेरची कड दोनपदरी देठाच्या टाक्यानं, आणि ती ओढताना दोरा कायम सुईच्या एकाच बाजूला ठेवा, नाहीतर दोरीचा पीळ मधेच उलटतो. डोकं आणि पाय आखूड भरीव टाक्यांनी. डोळे सर्वांत शेवटी, दोन गाठीचे टाके, काळ्या नव्हे तर गडद निळ्या दोऱ्यानं. काळ्या डोळ्यांचं कासव रोखून बघतं.

पायरी सहावी: शेपूट

मिनोगामेची शेवाळी शेपटी आणि सेमामोरीचा लोंबता दोरा या दोन वेगळ्या गोष्टी. त्या एकत्र करणं ही माझी भर आहे, परंपरा नव्हे. पण एकमेकींना इतक्या जुळतात की न करणं कठीण. शेपटीच्या रेषा वरच्या दोन तृतीयांशात देठाच्या टाक्यानं भरा. तिथून पुढे दोरा मागे न नेता पुढच्या बाजूलाच सोडा. मागून दोन बारीक टाके एकमेकांवर घालून प्रत्येक दोरा पक्का करा आणि टोकं तीन सेंटिमीटरपर्यंत कापा. हे तीन वर्षांवरच्या मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी. तान्ह्याच्या कपड्यात सुटे दोरे अजिबात नकोत, बोटांत अडकतात, तोंडात जातात. तिथे पूर्ण शेपूट भरूनच काढा. लटकणारे मणी, टिकल्या, घुंगरू यांचंही तेच.

झाल्यावर मागचे लांब उड्या मारलेले दोरे कापा आणि वरून मऊ मलमलीचा दुसरा तुकडा तुरपाईनं बसवा. इस्त्री उलट्या बाजूनं, खाली जाड टॉवेल घालून. सुलट्या बाजूनं केलीत तर षटकोनांचा उठाव सपाट होतो आणि केलेली सगळी मेहनत इस्त्रीखाली जाते.

अस्तराचं काम, थोडक्यात

जॅकेटच्या किंवा बंडीच्या अस्तरावर मोठा प्राणी हवा असेल तर भरतकामाच्या वाटेला जाऊ नका. अस्तराला वजन सोसत नाही. कापडाचे रंग वापरून ब्रशनं रंगवा, आणि तेही अस्तर जोडण्याआधी. जपानी ड्रॅगन साधारणपणे तीन नखांचा असतो. खवले भरताना शेपटीकडून डोक्याकडे जा, म्हणजे पुढचा खवला मागच्यावर चढतो. रंग वाळल्यावर पाकिटावर दिल्याप्रमाणे उलट्या बाजूनं इस्त्री करून पक्का करा. चित्र पाठीच्या मधल्या भागातच ठेवा. काखेत आणि खांद्यांवर घामानं आणि घासण्यानं रंग आधी जातो.

आकाबेको ब्रोच

आइझुजवळ यानाइझु गावात एन्झोजी हे देऊळ आहे. १६११ च्या भूकंपात ते पडलं. पुन्हा बांधताना जड लाकडं वर ओढायला लाल गाईगुरं मदतीला आली, अशी दंतकथा. त्यावरून कागदाचा लाल बैल आला. लाल रंग देवीच्या रोगाला, म्हणजे 'स्मॉलपॉक्स'ला, दूर ठेवतो ही त्या काळची समजूत, आणि अंगावरचे काळे ठिपके म्हणजे त्या रोगाचे व्रण असं सांगतात. बाळाचा आजार या बैलानं स्वतःवर घेतला, असा त्याचा अर्थ. म्हणून ठिपके गाळू नका. ठिपक्यांशिवाय तो नुसता लाल बैल.

साच्यासाठी शाडूची किंवा खेळायची माती. पाच सेंटिमीटर लांब, दोन सेंटिमीटर उंचीचा अर्धगोल देह, पाठ सपाट. शिंगं, कान बाहेर काढू नका, नेत्सुके आठवा. साचा वाळल्यावर त्यावर पातळ प्लॅस्टिक ताणून बसवा. वर्तमानपत्राचे बोटाच्या नखाएवढे तुकडे फाडा. कात्रीनं कापू नका. फाटलेली कड एकमेकांत मिसळते, कापलेली कड पायरी सोडते. फेविकॉलमध्ये निम्मं पाणी घालून एक थर वर्तमानपत्राचा, एक पांढऱ्या कागदाचा, असे पाच थर द्या. रंग बदलल्यामुळे कुठे थर राहिला ते दिसतं. मैद्याची खळही चालते, पण कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालायची जुनी पद्धत इथे टाळा, ही वस्तू अंगावर घालायची आहे. पंख्याखाली पूर्ण वाळू द्या. उन्हात ठेवलंत तर कड आत वळते.

साच्यावरून कवच काढा, कड सरळ कापा, आणि एका टोकाला मान जाण्यापुरतं बारा मिलिमीटरचं भोक ठेवा. डोकं कागदाच्या लगद्याचं, दीड सेंटिमीटरचं, मागे खराट्याच्या काडीची मान. आता सगळं कौशल्य इथे आहे. काडीच्या आतल्या टोकाला मातीची छोटी गोळी लावा आणि बोटावर काडी तोलून पाहा. जिथे ती आडवी राहते तिथे दोरा बांधा. डोक्याची बाजू अगदी किंचित जड हवी, म्हणजे बैल मान खाली घालून उभा राहतो आणि हलवलं की होकार देतो. दोऱ्याचं दुसरं टोक भोकाच्या वरच्या कडेला, आतून, दोन थेंब गोंदानं चिकटवा. काडी भोकाच्या कडेला कुठेही टेकता कामा नये. मान मोकळी डोलतेय याची खात्री झाल्याशिवाय मागची उघडी बाजू पुठ्ठ्यानं बंद करू नका. बंद झाल्यावर आत हात जात नाही.

जपानी कारागीर रंगाखाली शिंपल्यांची पांढरी पूड सरसात कालवून देतात. आपल्याकडे खडूची बारीक पूड आणि फेविकॉल, साईसारखं दाट, दोन हात. वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवा. मग लाल ॲक्रिलिकचे दोन पातळ हात, बाजूला मोठा काळा ठिपका, त्याभोवती पांढरी कड, डोळे. भोकाजवळ रंग साचू देऊ नका, मान अडकते.

मागे फेल्टचा तुकडा, त्यावर पिन दोऱ्यानं शिवून मग फेल्ट चिकटवा. नुसती चिकटवलेली पिन कधी ना कधी हातात येते. पिन मधोमध न लावता वरच्या एक तृतीयांशात लावा, नाहीतर ब्रोच पुढे झुकतो आणि बैल जमिनीकडे बघत राहतो. पातळ कुर्त्यावर लावताना आतून फेल्टचा छोटा चौकोन धरून दोन्हींतून पिन घाला, कापड ओघळत नाही. आणि हा मोठ्यांनीच घालायचा. पिन आणि सुटं डोकं दोन्ही लहान मुलांच्या हाती देण्यासारखं नाही.

काही पथ्यं

देवळात मिळणारा 'ओमामोरी', म्हणजे कापडी पिशवीतला ताईत, जपानी लोक उघडून पाहत नाहीत, आणि साधारण वर्षभरानं देवळात परत नेऊन देतात. तुमच्या वस्तूला ओमामोरी म्हणू नका, आणि कुठल्याही देवळाचं नाव किंवा मुद्रा तिच्यावर उतरवू नका. विकणार असाल तर हे आणखी महत्त्वाचं. पाठभर ड्रॅगन किंवा कोइ मासा गोंदवून घ्यायचा विचार असेल तर तो निराळा निर्णय आहे. जपानात अशा गोंदणाचा संबंध गुन्हेगारी टोळ्यांशी जोडला जातो आणि काही गरम पाण्याच्या सार्वजनिक स्नानगृहांत गोंदण असलेल्यांना प्रवेश नसतो. भरलेल्या जॅकेटला ही अडचण येत नाही. योकोसुका या जपानी बंदराच्या शहरात दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैनिकांसाठी भरली जाऊ लागलेली ड्रॅगन-वाघांची चकचकीत जॅकेटं आता तिथल्या तरुणांचा आवडता पोशाख आहेत.

कासवाची काळजी: थंड पाणी, हातानं, उलटं करून, पिळायचं नाही. मूल वाढतं आणि झबलं सहा महिन्यांत लहान होतं, म्हणून कासव थेट कपड्यावर न भरता वेगळ्या गोल तुकड्यावर भरायचाही विचार करा. तुकड्याची कड एक सेंटिमीटर आत दुमडून दडपलेल्या बारीक टाक्यांनी पाठीवर बसवा. दोरा कपड्याच्याच रंगाचा. पुढच्या कपड्याची वेळ आली की कात्रीचं टोक खालून घालून हे टाके कापायचे, तुकडा पाण्यात बुडवून जुनी घडी काढायची, आणि नव्या पाठीवर पुन्हा शिवायचा.